पाणीपण मोजायचं का? ज्वलनाच्या प्रश्नसंचाच्या नोंदी

३ जून

ज्वलनाच्या गणितांचा संच करायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आज वही उघडली. चाळीस प्रश्न, प्रत्येकाची पायरीपायरीने उकल, आणि उकलीच्या आधी एक रिकामी चौकट. त्या चौकटीत विद्यार्थ्याने काय लिहायचं ते अजून पक्कं नाही.

सुरुवात जुन्या उत्तरपत्रिका चाळून केली. एक प्रश्न असा होता: १० मिलि प्रोपेन ८० मिलि ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला, तर शेवटी एकूण किती वायू उरेल? समीकरण जवळपास सगळ्यांनी नीट संतुलित केलंय. प्रोपेन १ आणि ऑक्सिजन ५ मिळून कार्बन डायऑक्साइड ३ आणि पाणी ४. गुणाकारही चुकलेले नाहीत. तरी उत्तरं दोन गटांत पडली, काहींचं १०० मिलि आणि काहींचं ६०. पहिल्या गटाने ३० मिलि कार्बन डायऑक्साइड, ४० मिलि वाफ आणि उरलेला ३० मिलि ऑक्सिजन धरला. दुसऱ्या गटाने पाणी द्रव झालं म्हणून वाफ सोडून दिली. प्रश्नात तापमानच दिलेलं नव्हतं. म्हणजे दोघांचंही बरोबर. प्रश्न मी काढला होता आणि गुण मी फक्त ६० वाल्यांना दिले होते.

त्या परीक्षेत एका मुलीने हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, पाणीपण मोजायचं का?" मी म्हटलं, "प्रश्न नीट वाच." प्रश्न नीट वाचला होता म्हणूनच ती विचारत होती. ही गोष्ट आज फार लागली. संचाची सुरुवात तिच्या प्रश्नापासून करायची.

४ जून

चौकटीचं ठरलं. तीन ओळी: कोणता पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे, तापमान किती, दाब किती. या तीन ओळी भरल्याशिवाय पहिला आकडा लिहायचा नाही.

सहकारी मॅडमना फोन केला. त्या सगळे प्रश्न उत्तरं न पाहता सोडवून देणार आहेत. त्यांची एक अट आहे: "प्रश्न अपुरा असेल तर मी मनाने काही धरणार नाही, तसाच परत पाठवीन." मला नेमकं हेच हवं आहे.

७ जून

पहिले आठ प्रश्न झाले. सगळे आकारमानाच्या थेट गुणोत्तराचे.

वायूंच्या बाबतीत मोल (रेणूंच्या संख्येचं माप) काढायची दरवेळी गरज नसते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात जुळतात, हे हम्बोल्ट आणि गे-ल्युसॅक यांनी १८०५ मध्ये मोजून पाहिलं. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने तोच नियम इतर वायूंनाही लावला. वायूंची आकारमानं अशी साध्या पूर्णांकांत का जुळतात, याचं उत्तर ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये दिलं: तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखी. पुढची जवळपास पन्नास वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८६० च्या कार्ल्सरुहच्या परिषदेत कॅनिझारोने तो विचार पुन्हा मांडला, तेव्हा अणुवस्तुमानांचा गोंधळ सुटायला लागला. मुलांना हा इतिहास दोन ओळींत तरी सांगावासा वाटतो. 'समीकरणातले सहगुणक म्हणजेच आकारमानांचं गुणोत्तर' हे वाक्य ती सहज पाठ करतात. त्यामागे केवढा मोठा दावा आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

दाव्याला दोन अटी आहेत. तो फक्त वायूंना लागू होतो, आणि दोन्ही बाजूंचं तापमान व दाब सारखे असावे लागतात. दुसऱ्या अटीसाठी सातवा प्रश्न: २७ अंश सेल्सिअसला २ लीटर मिथेन पूर्ण जाळला. उत्पादितं १२७ अंशांना, त्याच दाबाला मोजली. किती लीटर? मिथेनच्या एका मोलमागे कार्बन डायऑक्साइड १ आणि वाफ २, म्हणजे २ लीटरमागे ६ लीटर, पण हे २७ अंशांच्या हिशोबाने. तापमान ३०० वरून ४०० केल्व्हिन झालं, म्हणून ६ गुणिले ४ भागिले ३, उत्तर ८ लीटर. १२७ ला २७ ने भागणारे हमखास निघतात. केल्व्हिनमध्ये बदलायचं हे त्यांना ठाऊक असतं, पण चौकट नसते तेव्हा सेल्सिअसचाच आकडा हाताशी येतो.

९ जून

आज २२.४ चा दिवस.

एक मोल वायू म्हणजे २२.४ लीटर, हे वाक्य अटीशिवाय इतकं पाठ झालेलं असतं की तो आकडा द्रवालाही लावला जातो आणि खोलीच्या तापमानालाही. संचाच्या पहिल्याच पानावर हा तक्ता देते आहे:

० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर: २२.४१ लीटर
० अंश आणि १ बार: २२.७१ लीटर
२५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअर: २४.४७ लीटर
२५ अंश आणि १ बार: २४.७९ लीटर

दुसरी ओळ अनेकांना नवी वाटेल. प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरऐवजी १ बार धरावा, ही आयुपॅकची (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) शिफारस १९८२ ची आहे. तरीही कितीतरी पुस्तकांत जुनाच आकडा आहे. त्यामुळे 'प्रमाण तापमान आणि दाब' एवढंच लिहिलेला प्रश्न आता संदिग्ध ठरतो. संचात तो शब्दप्रयोगच वापरायचा नाही, असं ठरवलं. अंश आणि दाब दरवेळी आकड्यांत लिहायचे. २२.७१ च्या जागी २२.४१ घेतलं तर फरक दीड टक्क्याच्या आतबाहेर राहतो, पण २५ अंशांच्या प्रश्नाला २२.४ लावलं तर उत्तर ८ टक्क्यांहून जास्त घसरतं. सोप्या प्रश्नात एवढी घसरण चालवून घेऊ नये.

१२ जून

नववा ते चौदावा प्रश्न. विशेष काही नाही. ग्रॅमवरून मोल, मोलवरून लीटर. भराभर झाले.

१३ जून

पंधरावा प्रश्न मात्र मनासारखा उतरला. ऑक्टेन खोलीच्या तापमानाला द्रव असतो, उकळतो सुमारे १२६ अंशांना. प्रश्न: १ लीटर द्रव ऑक्टेन पूर्ण जाळायला २५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला किती लीटर ऑक्सिजन लागेल?

ऑक्टेनच्या एका मोलला १२.५ मोल ऑक्सिजन लागतो. घाईत उत्तर येतं १२.५ लीटर. आता चौकट भरून पाहू. ऑक्टेन: द्रव. इथेच हात थांबतो, कारण द्रवाच्या लीटरचं आणि वायूच्या लीटरचं थेट गुणोत्तर मांडता येत नाही. मग मोलमधून जावं लागतं. ऑक्टेनची घनता ०.७०३ ग्रॅम प्रति मिलि, म्हणून १ लीटरचं वस्तुमान ७०३ ग्रॅम. मोलर वस्तुमान (एका मोलचं वस्तुमान) ११४.२ ग्रॅम, म्हणजे ६.१५ मोल. ऑक्सिजन ७६.९ मोल. त्याला २४.४७ ने गुणलं की १८८० लीटर. घाईतल्या उत्तराच्या दीडशे पट!

त्याच उकलीत एक ओळ वाढवली. कार्बन डायऑक्साइड ४९.२ मोल, म्हणजे २.१७ किलो. पाऊण किलोही न भरणाऱ्या द्रवातून दोन किलोच्या वर वायू निघतो. हे वाचून मुलं थबकतील आणि 'वस्तुमान कुठून वाढलं?' असं विचारतील. वाढ ऑक्सिजनची आहे. ७६.९ मोल ऑक्सिजन म्हणजे जवळपास अडीच किलो, आणि तो हवेतून आला.

१५ जून

मॅडमनी पहिले पंधरा सोडवून पाठवले. तेरा उत्तरं जुळली. चौथा आणि अकरावा प्रश्न परत आले, दोन्हीवर एकच शेरा: "ऑक्सिजन की हवा?" मी 'हवेत जाळला' असं लिहून उत्तर मात्र ऑक्सिजनचं काढलं होतं.

दुरुस्ती करताना चौथ्या प्रश्नाचा विस्तार केला. १ लीटर प्रोपेनला ५ लीटर ऑक्सिजन लागतो. कोरड्या हवेत ऑक्सिजन आकारमानाने २०.९५ टक्के, म्हणून हवा २३.९ लीटर. उरलेले १८.९ लीटर म्हणजे जवळपास सगळा नायट्रोजन, जो काही न करता आरपार जातो. पण शेवटच्या आकारमानात त्याला मोजावंच लागतं. पाणी काढून टाकल्यावर उरलेल्या वायूत कार्बन डायऑक्साइड ३ लीटर, एकूण २१.९ लीटर, म्हणजे १३.७ टक्के. नायट्रोजन विसरणाऱ्याला इथे १०० टक्के मिळतात.

१८ जून

कागदावरचं गणित हातात धरून पाहायचं म्हणून आज लायटरचा प्रयोग केला. लायटरमधला ब्युटेन पाण्याखाली मोजपात्रात गोळा करायचा, लायटरचं वजन किती घटलं ते पाहायचं आणि त्यावरून मोलर वस्तुमान काढायचं. पेटवायचं काहीही नाही. चाक न फिरवता फक्त खटका दाबायचा, खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही आणि ठिणगीही नाही.

मोजपात्र पाण्याने काठोकाठ भरून तसराळ्यात उपडं केलं, लायटर पाण्यात बुडवून तोंडाशी धरला. बुडबुडे एकामागून एक चढत गेले आणि पाणी खाली सरकत १०० च्या खुणेवर आलं. मग पात्र थोडं वर उचलून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एका रेषेत आणली, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला. पाण्याचं तापमान २७ अंश, हवेचा दाब पाऱ्याचे ७५२ मिमी.

वजन घटलं ०.१५ ग्रॅम. त्यावरून मोलर वस्तुमान आलं ३९ च्या आसपास. ब्युटेनचं ५८ आहे. एवढा फरक हिशोबातून येत नाही, म्हणून लायटर पुन्हा हातात घेऊन पाहिला. चाकाच्या दात्यांत आणि पत्र्याच्या कडेखाली पाणी साचलेलं होतं. वरून पुसला होता, पण आत थेंब तसेच. ते थेंब वजनात जात होते, म्हणून वायू कमी गेल्यासारखा दिसला. रात्रभर पंख्याखाली ठेवते.

१९ जून

लायटर कोरडा झाला. काल अडकलेलं पाणी आज मोजताच आलं असतं, पण त्यापेक्षा प्रयोग नव्याने केला. यावेळी आधीही वजन कोरड्याचं आणि नंतरही कोरड्याचं, मध्ये पाच तास वाळवणं. १०० मिलि वायू, तापमान आणि दाब कालचेच. वजन घटलं ०.२२ ग्रॅम.

आता हिशोब तीन प्रकारे मांडला, आणि हेच पान संचात जसंच्या तसं घालणार आहे.

पहिला, डोळे मिटून २२.४ लावून: ०.१ भागिले २२.४, म्हणजे ०.००४४६ मोल. मोलर वस्तुमान ४९.

दुसरा, आदर्श वायू समीकरणाने, दाब ७५२ मिमी आणि तापमान ३०० केल्व्हिन: ०.००४०२ मोल. मोलर वस्तुमान ५५.

तिसरा, पाण्याचा बाष्पदाब (वाफेचा दाब) वजा करून. पात्रात फक्त ब्युटेन नाही, पाण्यावरून आलेला वायू ओला असतो. २७ अंशांना पाण्याचा बाष्पदाब २६.७ मिमी. म्हणून ब्युटेनचा दाब ७२५.३ मिमी आणि मोल ०.००३८८. मोलर वस्तुमान ५७.

माझा वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. एवढ्या घसरणीने उत्तर ५४ ते ५९ च्या दरम्यान कुठेही जाऊ शकतं, त्यामुळे ५७ आलं म्हणून फार फुशारकी नको. शिवाय लायटरमध्ये शुद्ध ब्युटेन असेलच असं नाही, त्यात आयसोब्युटेन आणि थोडा प्रोपेनही असतो. तरी दरवेळी एक अट पाळली आणि आकडा एक पाऊल जवळ आला, हे स्वतः बघणं वेगळं.

मुलीचा प्रश्न इथेही आलाच. पाणीपण मोजायचं का? हो, वायूच्या आतलंसुद्धा.

उकलीच्या शेवटी ज्वलनाचा दुवा जोडला. ०.२२ ग्रॅम ब्युटेन म्हणजे ०.००३७९ मोल. एका मोलला ६.५ मोल ऑक्सिजन, म्हणजे ०.०२४६ मोल. त्याच तापमानाला आणि दाबाला ०.६१ लीटर ऑक्सिजन, आणि कोरडी हवा धरली तर २.९ लीटर. एक छोटं मोजपात्रभर वायू जाळायला तीन लीटरच्या आसपास हवा लागते.

२३ जून

युडिओमीटरचे, म्हणजे वायू जाळून आकारमान मोजायच्या खुणांच्या नळीचे प्रश्न. संचातला माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून इथे रेंगाळले.

ठिणगी देऊन मिश्रण जाळायचं, थंड करायचं, आकारमान किती आकसलं ते मोजायचं. मग पोटॅशच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा आणि पुन्हा मोजायचं. उरला तो ऑक्सिजन. ३ जूनचा प्रोपेन उलटा फिरवला: १० मिलि अज्ञात हायड्रोकार्बन, ८० मिलि ऑक्सिजन, थंड झाल्यावर ६० मिलि, पोटॅशनंतर ३० मिलि. कार्बन डायऑक्साइड ३० मिलि, म्हणून रेणूत कार्बन ३. ऑक्सिजन खर्च झाला ५०, त्यातले ३० कार्बनपायी, २० हायड्रोजनपायी. एक ऑक्सिजन रेणू चार हायड्रोजन अणूंना पुरतो, म्हणून हायड्रोजन ८.

उकल लिहिता लिहिता एक गोष्ट पुन्हा नजरेत भरली. जळताना कार्बनसाठी जेवढा ऑक्सिजन जातो तेवढाच कार्बन डायऑक्साइड परत येतो. आकारमानाच्या हिशोबात कार्बनची जमा आणि खर्च फिटते. म्हणून आकसणं कार्बनवर अवलंबून राहतच नाही. १ आकारमान इंधन स्वतः नाहीसं होतं, आणि हायड्रोजनच्या संख्येच्या चौथा भाग ऑक्सिजन द्रव पाण्यात अडकतो. आकसणं म्हणजे इतकंच: १ अधिक हायड्रोजनची संख्या भागिले ४. प्रोपेनसाठी ३, म्हणून ९० चे ६०.

मिथेन आणि इथीन, दोघांतही हायड्रोजन ४. म्हणून दोघांचं १० मिलि जाळून थंड केलं तर दोन्हींत २० मिलि आकसणं. केवळ आकसण्यावरून ते ओळखता येत नाहीत. पोटॅश मग निवाडा करतो, एकात १० मिलि शोषलं जातं, दुसऱ्यात २०.

आणि थंडच केलं नाही तर? १०० अंशांच्या वर वाफ वाफच राहते. मग बदल होतो हायड्रोजनची संख्या भागिले ४, वजा १. मिथेन आणि इथीनसाठी शून्य, आकारमान होतं तेवढंच. प्रोपेनसाठी १० मिलिमागे १० ची वाढ, ९० चे १००. परीक्षेतल्या त्या १०० वाल्यांचं उत्तर आता उत्तरसूचीत रीतसर आलं, तापमानासकट.

याच भागातला शेवटचा: मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडचं २० मिलि मिश्रण, भरपूर ऑक्सिजन, थंड झाल्यावर २५ मिलि आकसणं. इथे पोटॅशचा काही उपयोग नाही, कारण दोघांत कार्बन एकेकच. मिश्रण कसंही असलं तरी कार्बन डायऑक्साइड २० च येणार. निवाडा आकसण्याने होतो. मिथेनच्या १ मिलिला २, मोनॉक्साइडच्या १ मिलिला अर्धा. १० आणि १० उत्तर येतं.

२४ जून

मॅडमचा फोन. युडिओमीटरमध्ये पाण्याचा बाष्पदाब का नाही धरला, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, उत्तर लिहायला संध्याकाळ गेली.

वायू पाण्यावर मोजले असतील तर ते आधीही ओले आणि नंतरही ओले. तापमान आणि दाब तेच असले तर सगळी मापं सारख्याच प्रमाणात फुगलेली असतात, म्हणून गुणोत्तर तसंच राहतं. वायू कोरडे घेऊन पाऱ्यावर मोजले तर गोष्ट वेगळी. जळल्यावर पाणी तयार होतं आणि उरलेला वायू ओला होतो. २५ अंशांना बाष्पदाब २३.८ मिमी, एका ॲटमॉस्फिअरच्या ३.१ टक्के. कोरडा ६० मिलि मग ६१.९ दिसतो. उलट पाण्यावर मोजण्यात दुसरी अडचण: कार्बन डायऑक्साइड पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, २५ अंशांना एक लीटर पाण्यात सुमारे ०.८ लीटर. त्यामुळे काटेकोर कामाला पाराच वापरत. संचात आता स्पष्ट लिहिलंय: 'सर्व आकारमाने कोरड्या वायूची'.

२८ जून

ऑक्सिजन अपुरा पडतो तेव्हाचे प्रश्न. ४.४ ग्रॅम प्रोपेन, म्हणजे ०.१ मोल, आणि ऑक्सिजन ०.४ मोल. पूर्ण ज्वलनाला ०.५ लागतो. ठरावीक पद्धत सांगते की ऑक्सिजन मर्यादक (आधी संपणारा), ०.०८ मोल प्रोपेन जळेल आणि ०.०२ उरेल. कागदावर बरोबर. पण ज्योत असा हिशोब ठेवत नाही. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, काजळीही धरते. मला हा प्रश्न नुसता मर्यादकाच्या साच्यात सोडायचा नाही, कारण बंद खोलीत माणसं दगावतात ती याच रसायनाने.

म्हणून प्रश्नातच लिहिलं: सगळा प्रोपेन आणि सगळा ऑक्सिजन संपला, काजळी नाही, उत्पादितं फक्त पाणी आणि कार्बनची दोन ऑक्साइडं. पाणी ०.४ मोल. कार्बनचा एकूण हिशोब ०.३. ऑक्सिजन अणू ०.८, त्यातले ०.४ पाण्यात, उरले ०.४. दोन समीकरणं सोडवली की डायऑक्साइड ०.१ आणि मोनॉक्साइड ०.२ मोल. ऑक्सिजन पाचातला एक भाग कमी पडला, आणि कार्बनचा दोन तृतीयांश भाग विषारी वायूत गेला.

४ जुलै

मॅडमकडून सगळे चाळीस परत आले. एकोणचाळीस जुळले. तेहतिसाव्यात मी मधल्या पायरीला मोल ०.०२ असे ढोबळ केले होते, त्यांचे ०.०१८९ होते. त्यांचं बरोबर. मधल्या पायऱ्यांत एक आकडा जास्तच ठेवायचा, ही सूचना पहिल्या पानावर तक्त्याच्या खाली टाकली.

पहिला प्रश्न मात्र आज बदलला. आता तो असा आहे: '१० मिलि प्रोपेन ८० मिलि ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला. शेवटी एकूण किती वायू उरेल? हा प्रश्न सोडवण्याआधी तुम्हाला आणखी काय विचारावं लागेल, ते चौकटीत लिहा.' उत्तरसूचीत त्याच्यासमोर आकडा नाही. तिथे त्या मुलीचं वाक्य आहे.